साथीचे सोबती

घराघरांतल्या कपाटात ती फाइल अजून असेल. २०२० किंवा २०२१ साली कुणाच्या तरी नावाने उघडलेली. पहिल्या पानावर घशातल्या स्वॅबचा अहवाल आणि त्यावर ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द. मागच्या पानांवर छातीचा स्कॅन, रक्ताच्या चाचण्या, ऑक्सिजनचे आकडे आणि औषधाच्या दुकानाची बिले. आजारी माणूस बरा होऊन घरी आला असेल, तर ती फाइल आज कुणी उघडत नाही. आला नसेल, तर उघडण्याचे धैर्य होत नाही. तरीही एकदा ती काढून पाहावी, अशी आमची विनंती आहे. त्या फाइलमध्ये काय आहे ते घरच्यांना पाठच असते. काय नाही, तेवढे पाहावे.

पुष्कळ फायलींत थुंकीच्या तपासणीचा अहवाल सापडणार नाही. रक्ताच्या कल्चरचाही नाही. ताप-खोकल्याच्या त्या दिवसांत रुग्णाच्या छातीत कोरोनाच्या विषाणूखेरीज आणखी एखादा जंतू होता का, हा प्रश्न कुणी विचारल्याची खूण त्या कागदांत नसेल. मात्र औषधांच्या बिलांत अॅझिथ्रोमायसिन असेल, डॉक्सिसायक्लिन असेल, कदाचित आणखी भारी अँटिबायोटिकही असेल. ही औषधे विषाणूवर चालत नाहीत, ती जिवाणूंसाठी असतात. म्हणजे दुसरा शत्रू आत आहे असे धरून गोळीबार तर झाला. पण तो खरोखर होता का, आणि असला तर कोण होता, हे पाहायला कुणी गेले नाही.

साथीच्या काळात असे होणे समजण्यासारखे आहे. खाटा अपुऱ्या होत्या, डॉक्टर आणि परिचारिका थकल्या होत्या, प्रयोगशाळांत स्वॅबचे ढीग पडले होते. रुग्णाचा बेडका घेणेही तेव्हा धोक्याचे वाटत होते. त्या दिवसांत ज्यांनी जीव धोक्यात घालून सेवा केली, त्यांना आज घरात बसून जाब विचारणे हा कृतघ्नपणा ठरेल. पण साथ ओसरल्यावर शांतपणे मागे वळून पाहायचे नाही, असाही नियम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ कधी येईल हे कुणालाच सांगता येणार नाही. ती येईल एवढे मात्र खरे. त्यामुळे हिशेब मांडायची वेळ हीच आहे.

मानमोडीचा धडा

हा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीच्या बाजूने तापाची साथ शिरली. पहिल्या रुग्णांत पोलीस शिपाई होते. पावसाळ्यात ती थोडी निवली आणि सप्टेंबरात पुन्हा उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लोकांनी या रोगाला ‘मानमोडी’ असे नाव दिले. आपल्या देशात तिने किती माणसे नेली, याचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत. कित्येक जुन्या घराण्यांच्या वंशावळीत त्या सालाशी येऊन थांबलेली एखादी फांदी आजही दिसते.

ही माणसे नेमकी कशाने गेली? त्या वेळच्या वैद्यकाकडे याचे एक तयार उत्तर होते. रिचर्ड फायफर या जर्मन संशोधकाला १८९२ साली इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांच्या बेडक्यात एक बारीक जिवाणू सापडला होता आणि तोच या रोगाचे कारण आहे, असे त्याने सांगितले होते. १९१८ मध्ये जगभरच्या डॉक्टरांनी तोच शोधला. काही रुग्णांत तो मिळाला, काहींत मिळाला नाही. उलट दुसरेच जिवाणू मिळाले. तरीही अनेक ठिकाणी त्याच्याविरुद्ध लसी तयार झाल्या. खरा गुन्हेगार हाती लागायला १९३३ साल उजाडावे लागले. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या इंग्लंडमधल्या तिघांनी माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा करून दाखवला. फायफरचा जिवाणू मूळ कारण नव्हता. तो मागून आत शिरणाऱ्यांपैकी एक होता. पण नाव एकदा चिकटले की सुटत नाही. त्या जिवाणूला आजही ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’ असेच म्हणतात.

विषाणू सापडला, तेव्हा पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. मग सगळा दोष विषाणूचाच, असे मानले जाऊ लागले. २००८ साली अमेरिकेतील डेव्हिड मोरेन्स, जेफ्री टॉबेनबर्गर आणि अँथनी फाउची यांनी हा प्रश्न पुन्हा उकरून काढला. १९१८-१९ च्या साथीत दगावलेल्या ५८ जणांच्या फुफ्फुसांचे जतन केलेले तुकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्या काळात प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या नोंदी वाचल्या. निष्कर्ष स्पष्ट होता : बहुसंख्य मृत्यू विषाणूच्या मागोमाग आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले होते. विषाणूने दार उघडले आणि एरवी आपल्या नाकाघशात मुकाट राहणारे न्यूमोकॉकससारखे जिवाणू फुफ्फुसात उतरले.

असे का होते, हे समजायला फार मोठे शास्त्र लागत नाही. आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ, कफ आणि जंतू वरच्या वर ढकलत असतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणू नेमका या अस्तरावर घाव घालतो. कुंपण मोडले की कुणाचेही ढोर शेतात शिरते, तसाच हा प्रकार. म्हणूनच जुनी जाणती माणसे सांगत की, ताप उतरून पुन्हा चढला तर जपावे. त्या सांगण्यात अनुभव होता. ताप उतरतो, रुग्ण उठून बसतो, पेज मागतो. आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा थंडी वाजते, छातीत कळ येते, पिवळा वा गंजल्या रंगाचा कफ पडू लागतो. हा दुसरा ताप पुष्कळदा दुसऱ्याच जंतूचा असतो.

पुण्याचा ऑगस्ट

१९१८ मध्ये पेनिसिलिन नव्हते. २००९ मध्ये सगळे होते. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतरचे दिवस पुणेकर विसरलेले नसतील. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद पडलेल्या शाळा. प्रत्येकाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती : स्वाइन फ्लू आहे की नाही? ‘आहे’ म्हटले की टॅमीफ्लूच्या गोळ्या, ‘नाही’ म्हटले की सुटकेचा निःश्वास. तिसरे उत्तर असू शकते, हे रांगेतल्या कुणाच्या मनातही येत नव्हते.

त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने स्वाइन फ्लूने दगावलेल्या ७७ जणांच्या फुफ्फुसांचे नमुने तपासले. त्यांतील २२ जणांत, म्हणजे शंभरात २९ या प्रमाणात, विषाणूबरोबर जिवाणूंचाही संसर्ग आढळला. त्यांतल्या दहा जणांत तो जिवाणू न्यूमोकॉकस होता. न्यूमोकॉकसवर साधी, जुनी, स्वस्त औषधेही पुष्कळदा चालतात आणि त्याच्यासाठी लसही आहे. अशा वेळी ‘विषाणूने मृत्यू’ एवढीच नोंद करून वही मिटणे म्हणजे अर्धेच सत्य लिहिणे होय.

या लशीची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. दक्षिण आफ्रिकेतील शब्बीर माधी आणि कीथ क्लुगमन यांनी २००४ साली दाखवून दिले की, न्यूमोकॉकसची लस दिलेल्या मुलांत विषाणूंशी संबंधित न्यूमोनियाचे प्रमाणही ३१ टक्क्यांनी घटले. ही लस विषाणूला हात लावत नाही. तरीही हा न्यूमोनिया कमी झाला, याचा अर्थ ज्याला आपण विषाणूचा न्यूमोनिया समजत होतो त्यात जिवाणूचाही वाटा होता. आपल्याकडे २०२१ पासून ही लस बालकांच्या सरकारी लसीकरणात देशभर मोफत मिळू लागली. घरात लहान मूल असेल, तर तिच्या मात्रा चुकवू नयेत, हे सांगायला वेगळे निमित्त कशाला हवे?

सर्वांना औषध, तपासणी कुणालाच नाही

मग कोरोना आला. या वेळी गोष्ट थोडी वेगळी होती आणि ती वेगळी होती हेच मुळी तपासल्याशिवाय कळणारे नव्हते. मानमोडीच्या अनुभवावरून सगळ्यांनी गृहीत धरले की, याही खेपेस मागून जिवाणू येणारच. म्हणून अँटिबायोटिकांचा मारा सुरू झाला. पुढे ६५ देशांतल्या साडेचार लाख रुग्णांची माहिती जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र केली. रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोनाच्या रुग्णांपैकी शंभरात आठांनाच जिवाणूंचा असा संसर्ग होता, की ज्याला अँटिबायोटिक लागावे. प्रत्यक्षात ते मिळाले शंभरातल्या पंचाहत्तरांना. ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत हजारो रुग्णांवर अॅझिथ्रोमायसिन वापरून पाहण्यात आले. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

आता कुणी म्हणेल, दिले तर बिघडले काय? बिघडते ते पुढे. विनाकारण दिलेल्या प्रत्येक गोळीने जिवाणूंची तालीम होते. ज्यांना मार बसत नाही, तेच उरतात. त्याचा प्रत्यय आपल्याच देशात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या दहा रुग्णालयांनी जून ते ऑगस्ट २०२० या काळातल्या १७,५३४ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतल्या फक्त ३.६ टक्के रुग्णांत नंतर शिरलेला जिवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग सापडला. एकूण रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १०.६ टक्के होते. हा दुसरा संसर्ग झालेल्यांत मात्र ते ५६.७ टक्के होते. अर्थात, हे रुग्ण मुळातच अधिक आजारी होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पण त्यांच्यात जे जिवाणू सापडले, ते क्लेबसिएला आणि अॅसिनेटोबॅक्टरसारखे, रुग्णालयाच्याच वातावरणात मुरलेले आणि पुष्कळ औषधांना न जुमानणारे होते. म्हणजे हा सोबती रुग्णाने घरून आणला नव्हता. तो त्याला अतिदक्षता विभागात भेटला.

या आकड्यांत आणखी एक गोम आहे. ज्यांचे नमुने प्रयोगशाळेत गेले, त्यांचाच संसर्ग मोजला गेला. ज्यांचे गेलेच नाहीत, त्यांचे काय, हे कोणत्याच तक्त्यात येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, हे फार क्रूरपणे दाखवून दिले. जूनअखेर देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. वाढलेली साखर, स्टेरॉइडचा मारा आणि दुबळी झालेली प्रतिकारशक्ती यांनी तिला वाट करून दिली. एका बाजूचा गाल दुखतो, नाकातून काळपट स्राव येतो, डोळा सुजतो, ही लक्षणे ज्यांच्या घरच्यांनी आणि डॉक्टरांनी वेळेवर ओळखली, त्यांना बचावाची संधी मिळाली. ‘कोरोनानंतरचा अशक्तपणा असेल’ असे म्हणत जे थांबले, त्यांतल्या काहींचे डोळे गेले, काहींचे प्राण.

हरवलेले सहा लाख

सर्वांत जुना सोबती मात्र या गदारोळात सर्वांच्याच नजरेतून सुटला. तो म्हणजे क्षयरोग. खोकला, ताप, थकवा, वजन घटणे ही त्याची लक्षणे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. २०१९ मध्ये देशात क्षयाचे २४ लाख ४ हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या १८ लाख ५ हजारांवर आली. एका वर्षात जवळजवळ सहा लाख रुग्ण कमी! ही आनंदवार्ता नव्हती. रोग आटला नव्हता, त्याचा शोध आटला होता. टाळेबंदीत लोक दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. पोचले त्यांच्या खोकल्याला एकच नाव माहीत होते. स्वॅब निगेटिव्ह आला की ‘काही नाही, घरी जा’ आणि पॉझिटिव्ह आला की ‘तेच आहे’. दोन्ही उत्तरांत क्षय सुटत होता.

सरकारला हे कळले नाही, असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली की, कोरोनाच्या रुग्णांत क्षयाची आणि क्षयाच्या रुग्णांत कोरोनाची, अशी दुहेरी तपासणी करावी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेंगी, मलेरिया, लेप्टो, इन्फ्लुएन्झा हे हंगामी आजार कोरोनाबरोबर असू शकतात, याकडे लक्ष वेधणारी मार्गदर्शक तत्त्वेही आली. योगायोग असा की, कोरोनाच्या तपासणीसाठी गावोगाव जे ‘ट्रूनॅट’ यंत्र वापरले गेले, ते गोव्यातल्या कंपनीने बनवलेले आणि मुळात क्षयासाठी नावारूपाला आलेले. यंत्र तेच, तंत्रज्ञ तोच, समोर खोकणारा माणूसही तोच. स्वॅबच्या जोडीला बेडक्याची एक डबी घेतली असती, तर दोन प्रश्नांची उत्तरे एकाच टेबलावर मिळू शकली असती. पण कागदावरची सूचना आणि टेबलावरची डबी यांतले अंतर आपल्याकडे नेहमीच फार मोठे असते.

सगळेच तपासायचे का?

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. नाही तर हा लेख वाचून उद्या सकाळी प्रयोगशाळांपुढे रांगा लागायच्या! आता एका नमुन्यातून वीसेक जंतूंचा तास-दोन तासांत पत्ता लावणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. त्या महाग आहेत, हा एक भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा : घशात जंतू सापडला म्हणजे तो रोग करतो आहे, असे होत नाही. निरोगी मुलांच्या नाकाघशातही न्यूमोकॉकस बिनभाड्याने राहत असतो. महिन्यापूर्वीच्या सर्दीच्या विषाणूचे अवशेषही यंत्राला सापडू शकतात. तेव्हा सौम्य तापाच्या, घरी राहून बऱ्या होणाऱ्या माणसाला चाचण्यांच्या चरकातून काढणे हा शहाणपणा नव्हे.

शहाणपण निवडीत आहे. जो रुग्णालयात दाखल होण्याइतका आजारी आहे. जो बरा होता होता पुन्हा बिघडला. ज्याचा खोकला दोन आठवडे हटलेला नाही. ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी अथवा आजाराने खालावली आहे. जो कृत्रिम श्वासावर आहे आणि ज्याचा ताप नव्याने चढला आहे, अशांच्या बाबतीत दुसऱ्या जंतूचा शोध घेतलाच पाहिजे. आणि तो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतला पाहिजे. रक्त आणि बेडका कल्चरसाठी आधी काढून घ्यायला काही मिनिटे लागतात. औषध सुरू झाल्यावर तोच नमुना पुष्कळदा मुका होतो. रुग्ण अत्यवस्थ असेल, तर औषध थांबवून ठेवू नये, हेही तितकेच खरे. दोन-तीन दिवसांत कल्चरचा अहवाल येतो. काही सापडले, तर नेमके औषध देता येते. काही सापडले नाही आणि रुग्णाची प्रकृतीही तशीच साथ देत असेल, तर चालू असलेले अँटिबायोटिक डॉक्टरांना निर्धास्तपणे थांबवता येते. ‘काही नाही’ हा अहवाल म्हणजे पैसे फुकट गेले, अशी आपली समजूत आहे. ती बदलायला हवी. नको असलेले औषध थांबवणारा कागद हा औषधाइतकाच मोलाचा असतो.

यासाठी लागते काय? चमत्कार लागत नाहीत. सूक्ष्मदर्शक लागतो, हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली सांगितलेली जिवाणू रंगवून पाहण्याची पद्धत आजही चालते. जिल्हा रुग्णालयात कल्चर करू शकणारी, रविवारीही उघडी असणारी प्रयोगशाळा लागते. तालुक्याहून नमुना वेळेत पोचवणारी गाडी लागते. आणि ती प्रयोगशाळा चालवणारा सूक्ष्मजीवशास्त्राचा जाणकार लागतो. साथ आली की आपण तंबू ठोकून खाटा वाढवतो. पण जाणकार माणसे आणि कामाची सवय तंबूत उभी राहत नाही. ती साथ नसताना, आजच्यासारख्या निवांत दिवसांत, वर्षानुवर्षे घडवावी लागते. आरोग्यावरच्या खर्चाची चर्चा होते तेव्हा इमारतींची उद्घाटने मोजली जातात. जिल्ह्यात वर्षभरात किती कल्चर झाली, हे कधी कुणी विधिमंडळात विचारले आहे काय?

राहता राहिले आपण, म्हणजे घरची माणसे. डॉक्टरांपुढे वाद घालावा असे आम्ही सुचवणार नाही. पण नम्रपणे एक प्रश्न विचारायला कुणाचीच हरकत नसावी : “डॉक्टर, याच्याबरोबर आणखी काही असेल का? आणि हे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी काही नमुना घ्यायचा आहे का?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, गडबडीत राहून गेलेली गोष्ट त्याला आठवते. आणि आपण स्वतः एवढे पाळावे : शेजारच्यांना लागू पडलेली गोळी दुकानातून आणून घेऊ नये, आणि आजीचा खोकला ‘कोरोनानंतरचा’ म्हणून महिनाभर घरात ठेवू नये.

आपल्या भाषेत ‘साथ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक रोगाची, दुसरी सोबतीची. मानमोडीपासून कोरोनापर्यंतचा अनुभव सांगतो की, पहिली साथ आली की दुसरी तिच्याबरोबर असण्याचा संभव असतो. कधी मोठा, कधी लहान, पण तपासल्याशिवाय न कळणारा. १९१८ मध्ये डॉक्टरांना सोबती सापडला आणि त्यांनी त्यालाच मुख्य आरोपी ठरवले. २०२० मध्ये आम्हाला मुख्य आरोपी सापडला आणि आम्ही सोबत्याला विसरलो. पुढच्या खेपेस तरी फाइलच्या पहिल्या पानाखाली दुसरे पान असावे. त्या पानावर ‘काही आढळले नाही’ असेच लिहिलेले निघो. पण ते पान असावे.